खरखरीतला आवाज: जिमी हेंड्रिक्सची पेडल्स



या मालेत आपण आजवर लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, तोफा पाहिल्या. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांचं डोकं फिरलं. आज मी बोलणार आहे गिटारवाल्याच्या पायाखाली असलेल्या डब्यांबद्दल. त्यांना पेडल म्हणतात. पायाने दाबायचं आणि गिटारचा आवाज बदलायचा.

माझा भाचा बंगळुरूला नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी एका बँडमध्ये गिटार वाजवतो. मागच्या दिवाळीत तो महूला आमच्याकडे आला, तेव्हा त्याचं एक पेडल बंद पडलं होतं. "मामा, तुम्ही सिग्नल्सवाले, बघा ना जरा." मी झाकण उघडलं आणि हसूच आलं. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं. बस्स, अकरा भाग. ट्रान्झिस्टर होते जर्मेनियमचे, ए.सी. १२८. माझ्या लहानपणी हौशी मुलं घरी रेडिओ जोडायची, त्यात हाच असायचा. एक तार सुटली होती. डाग दिला, पेडल सुरू झालं. भाच्याने गिटार जोडली आणि घरात असा काही आवाज घुमला की सौ. स्वयंपाकघरातून धावत आल्या.

मी म्हणालो, "अरे, हा तर बिघडलेला आवाज आहे."

तो म्हणाला, "मामा, बिघडवण्यासाठीच तर ते आहे."

मित्रहो, मी तीस वर्षांहून अधिक काळ भारतीय सेनेच्या सिग्नल कोअरमध्ये होतो. आमचं काम एका वाक्यात सांगायचं तर खरखर घालवणं. इकडून माणूस बोलला की तिकडे तेच शब्द पोचले पाहिजेत. मध्ये जे काही मिसळतं, वीज, वारा, डोंगर, शत्रूचा अडथळा, ते सगळं आमचं वैरी. आणि इथे माझा भाचा पैसे देऊन खरखर विकत घेत होता! म्हणून मी या डब्यांचा इतिहास शोधायला बसलो. शोधता शोधता एका सैनिकापाशी पोचलो.

पण सुरुवात एका बिघाडाने करू. अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचं शहर आहे, तिथल्या लोकसंगीताची राजधानी. ओवेन आणि हॅरल्ड ब्रॅडली या भावांनी १९५०च्या दशकात आपल्या घरामागे एक स्टुडिओ उभारला. इमारत कसली? क्वॉन्सेट हट. आपल्यापैकी जे फौजेत होते त्यांना ही चीज ठाऊक असेल. अर्धगोल पत्र्याची शेड, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनवलेली. युद्ध संपल्यावर उरलेल्या शेडी विकल्या गेल्या, त्यातली एक इथे लागली.

या शेडीत मार्टी रॉबिन्स या गायकाचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन नावाचा वादक सहा तारांचा बेस गिटार वाजवत होता. त्याचा आवाज ज्या वाटेने यंत्रात जात होता, तिथे नेमका बिघाड झाला. बेसचा आवाज मोटारीच्या फुटलेल्या सायलेन्सरसारखा येऊ लागला. दुसऱ्या कुणी असता तर मुद्रण पुन्हा केलं असतं. यांनी ते तसंच ठेवलं. १९६१ साली ते गाणं बाजारात आलं आणि गाजलं. लोक विचारू लागले, हा आवाज काढला कसा? तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड मुद्दाम करणारं सर्किट बनवलं. गिब्सन कंपनीने ते १९६२ साली मेस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायला काढलं. सुरुवातीला फारसं कुणी विचारलं नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ते आपल्या एका गाण्यात वापरलं आणि मग दुकानांतला माल संपला.

आता हा बिघाड म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ. तार छेडली की आवाजाची लाट उठते, गोलाईची. ॲम्प्लिफायर ती लाट मोठी करतो. पण त्याच्या ताकदीला मर्यादा आहे. मर्यादेपलीकडे ढकललं की लाटेचा शेंडा छाटला जातो, गोल टेकडीचं पठार होतं. वायरलेसमध्ये हे पाप आहे, कारण शब्द फाटतात. पण शेंडा छाटला की एक गंमत होते. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे नवे स्वर त्यात जन्माला येतात. शिवाय तारेचा आवाज क्षीण होत गेला तरी पठाराची उंची बराच वेळ तीच राहते, म्हणून गिटारचा स्वर गळ्यासारखा लांबतो.

आपल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. तानपुऱ्याची जवारी आठवा. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून घासून असा उतार देतात, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, की तार घोडीला हलकेच घासत राहते. म्हणजे तार स्वच्छ कंप पावू नये अशीच योजना. त्या घासण्यातून वरचे स्वर उमलतात, स्वयंभू गंधार ऐकू येतो. साफ तारेला आपण मुकी म्हणतो. नॅशव्हिलच्या शेडीत अपघाताने जे सापडलं, ती बहीण-भावंडं आमच्या देवघरात कितीतरी पिढ्या नांदत होती.

आता सैनिकाकडे येऊ.

जिमी हेंड्रिक्स. जन्म २७ नोव्हेंबर १९४२, सिॲटल. तो जन्मला तेव्हा वडील लष्करात होते आणि त्यांना मुलाचं तोंड पाहायला रजासुद्धा मिळाली नाही. घरची गरिबी, आईवडिलांचं पटेना. अठराव्या वर्षी चोरीच्या मोटारींत दोनदा सापडला. तुरुंग की फौज, असा पर्याय समोर आला आणि १९६१च्या मे अखेरीस तो भरती झाला. पोस्टिंग मिळाली केंटकीच्या फोर्ट कॅम्पबेलला, १०१ एअरबोर्न डिव्हिजनमध्ये. म्हणजे छत्रीधारी सैनिक. ही डिव्हिजन नॉर्मंडीत उतरलेली. तिचा गरुडाचा बिल्ला दंडावर लागणं ही मोठी गोष्ट. तो बिल्ला त्याने उड्या मारून मिळवला.

पण सैनिक म्हणून तो कसा होता? मित्रहो, खरं सांगायचं तर भिकार. वरिष्ठांचे शेरे आहेत: कामात लक्ष नाही, सारखी गिटार. वडिलांकडून गिटार मागवून घेतली होती, ती रात्रंदिवस हातात. शेवटी जेमतेम वर्षभरात, १९६२ साली, त्याला घरी पाठवलं. मी त्याचा कंपनी कमांडर असतो तर मीही तेच केलं असतं, हे कबूल करतो. मात्र फौजेने त्याला एक मोठी गोष्ट दिली. छावणीच्या क्लबमध्ये तो गिटार वाजवत होता, बाहेरून जाणाऱ्या बिली कॉक्स नावाच्या दुसऱ्या जवानाने ते ऐकलं आणि तो आत गेला. कॉक्स बेस वाजवायचा. दोघांची जोडी जमली. सुटल्यावर दोघं जवळच्याच नॅशव्हिलला जाऊन वाजवू लागले. नाव लक्षात ठेवा, बिली कॉक्स पुन्हा येणार आहे.

पुढची चार वर्षं हेंड्रिक्सने दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवलं. सप्टेंबर १९६६मध्ये चॅस चँडलर त्याला लंडनला घेऊन गेला आणि तिथे त्याचं नशीब उघडलं. ते साल पेडलच्या दृष्टीने मोठं आहे. त्याच वर्षी लंडनच्या आर्बायटर कंपनीने फझ फेस हे पेडल काढलं. वाटोळं, धातूचं, दोन बटणांचे डोळे आणि खाली तोंड. माझ्या भाच्याच्या पेडलची आजी ती हीच. जर्मेनियम उष्णतेला फार हळवं. खोली तापली की आवाज बदलतो, त्यामुळे एकाच पेडलचा सकाळी एक सूर आणि रात्री दिव्यांखाली दुसरा. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. ते जास्त भरवशाचे आणि आवाजाने जास्त धारदार. हेंड्रिक्सने दोन्ही वापरली.

त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीचा ब्रॅड प्लंकेट हा इंजिनिअर व्हॉक्स ॲम्प्लिफायरमधला एक महाग स्विच स्वस्तात बदलायच्या खटपटीत होता. स्विचऐवजी त्याने फिरणारं बटण लावलं, आणि ते फिरवताना आवाज "वा-वा" करू लागला. तेच बटण ऑर्गनच्या पायपट्टीत बसवलं, झालं वा-वा पेडल. तुम्ही "आ" म्हणता आणि ओठ हळूहळू मिटता, तेव्हा आवाजाचा जो भाग उठून दिसतो तो सरकत जातो. पेडल हेच पायाने करतं. तारेला तोंड फुटतं.

तिसरा माणूस माझ्या पंथातला. रॉजर मेयर. हा तरुण ब्रिटिश नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ध्वनी आणि कंपनांचं विश्लेषण करायचा. काम पाण्याखालच्या युद्धाशी निगडित. फावल्या वेळात मित्रांसाठी गिटारची पेडल्स. जानेवारी १९६७मध्ये लंडनच्या एका क्लबात तो हेंड्रिक्सला भेटला आणि आपलं एक यंत्र दाखवलं. ऑक्टेव्हिया. त्याचं तत्त्व विजेचं काम करणारा कुणीही ओळखेल. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. रेक्टिफायर खालचा अर्धा हेलकावा उलटा करून वर आणतो, म्हणून ५० उंचवट्यांचे १०० होतात. जुन्या रेडिओची घूं-घूं ऐकलीत? ती या शंभराची. मेयरने तारेच्या आवाजाला तीच वागणूक दिली. वेग दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. फेब्रुवारीत 'पर्पल हेझ' या गाण्याच्या मुद्रणात ते वापरलं गेलं. दिवसा नौदलासाठी कंपनं मोजणारा माणूस संध्याकाळी एका माजी पॅराट्रूपरसाठी नवी कंपनं बनवत होता!

आणि चौथं यंत्र, माझं सर्वांत लाडकं. युनि-व्हाइब. जपानच्या शिन-एई कंपनीचं. आत एक छोटा दिवा मंद-प्रखर होत राहतो. भोवती प्रकाश ओळखणारे चार रेझिस्टर. दिव्याच्या चढउताराबरोबर ते आवाजाची लाट थोडी मागेपुढे सरकवतात आणि ती सरकलेली लाट मूळ लाटेत मिसळतात. कधी दोन्ही जुळून आवाज फुगतो, कधी एकमेकींना खाऊन आवाज बुडतो. पुष्कळांना वाटतं की फिरत्या स्पीकरची नक्कल करायला हे केलं. पण त्याचा रचनाकार फुमिओ मिएदा याने पुढे सांगितलं की ही कल्पना त्याला मॉस्को रेडिओवरून आली. दूरवरून येणारा तो आवाज वातावरणात बदलून यायचा, ते त्याला आवडलं.

मित्रहो, हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. कारण तो आवाज मी ओळखतो. लांब पल्ल्याची वायरलेसची लहर आकाशात जाते, वरच्या विद्युतभारित थरावर आदळून खाली येते. एकच संदेश दोन-तीन वाटांनी पोचतो, थोडा पुढेमागे. म्हणून बोलणाऱ्याचा आवाज लाटांवर तरंगल्यासारखा वर येतो, बुडतो, पुन्हा येतो. आम्ही त्याला फेडिंग म्हणतो आणि शिव्या घालतो.

एक प्रसंग सांगतो. मी नवा लेफ्टनंट होतो. उत्तरेकडची उंच चौकी, जानेवारी महिना. आमची पाच जणांची गस्त हिमस्खलनात अडकली होती आणि दुपारपासून संपर्क नव्हता. रात्री सेटवर नुसती खरखर. मी कानावरून हेडफोन काढला आणि फिल्टर लावून आवाज साफ करू लागलो. आमचे सुभेदारसाहेब शेजारी बसले होते. ते म्हणाले, "साब, खरखर मत काटिए. आवाज उसी के अंदर है." त्यांनी फिल्टर काढला, डोळे मिटले आणि वीस मिनिटं ऐकत राहिले. मला काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि आकडे लिहू लागले. ठिकाणाचे आकडे. मी विचारलं, कोण बोलतंय? त्यांनी नाव सांगितलं. म्हणाले, थंडीने जबडा वाजतोय त्याचा, पण तोच आहे.

तिसऱ्या दिवशी चौघं चालत आले. पाचवा खांद्यांवरून आला. आकडे सांगणारा तोच होता.

हे मी कधी कुठे सांगितलेलं नाही. आज सांगतोय, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

१८ ऑगस्ट १९६९. न्यूयॉर्क राज्यातलं बेथेल गाव, एका गवळ्याचं शेत. वूडस्टॉकचा जलसा. तीन दिवसांचा होता, पाऊस आणि गोंधळामुळे चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी, शेवटी हेंड्रिक्स मंचावर आला. लाखोंची गर्दी बरीच पांगली होती. चिखल, कचरा, दमलेली तोंडं. हातात पांढरी फेंडर स्ट्रॅटोकास्टर. तो डावखुरा, पण गिटार उजव्या हाताची, उलटी धरलेली. पायाशी वा-वा, फझ फेस आणि युनि-व्हाइब. मागे मार्शलचे शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर. बेसवर कोण? बिली कॉक्स, फोर्ट कॅम्पबेलचा सोबती. दुसऱ्या गिटारवर लॅरी ली, जो नुकताच व्हिएतनामहून परतला होता. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या तिघांनीही वर्दी घातलेली होती. आणि तीनच महिन्यांपूर्वी त्यांची १०१ डिव्हिजन व्हिएतनामात हॅम्बर्गर हिल नावाच्या टेकडीवर दहा दिवस रक्त सांडत होती. टेकडी जिंकली, आणि काही दिवसांतच सोडून दिली.

त्या सकाळी हेंड्रिक्सने गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं.

या गीताचा इतिहास आपल्याशी जोडलेला आहे. १८१४च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या जहाजांनी बाल्टिमोरचा किल्ला रात्रभर भाजून काढला. फ्रान्सिस स्कॉट की हा वकील ते एका जहाजावरून पाहत होता, सकाळी झेंडा तसाच फडकताना दिसला, म्हणून त्याने हे काव्य लिहिलं. त्यात रॉकेटं आहेत, फुटणारे गोळे आहेत. ती रॉकेटं काँग्रीव्ह जातीची. आणि काँग्रीव्हने ती कशावरून बनवली? १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूची जी रॉकेटं इंग्रजांच्या हाती लागली, त्यांच्यावरून. म्हैसूरचं रॉकेट असं अमेरिकेच्या राष्ट्रगीतात जाऊन बसलं आहे.

हेंड्रिक्स पहिल्या ओळी सरळ वाजवतो. मग जिथे शब्दांत रॉकेट येतं, तिथे गिटार किंचाळत खाली कोसळते. गोळे फुटतात. भोंगे वाजतात. हे सगळं पेडलनी केलं असं मात्र समजू नका. गिटार स्पीकरसमोर धरली की स्पीकरचा आवाजच तारांना हलवतो आणि स्वर थांबत नाही. गिटारला एक दांडा असतो, तो दाबला की सगळ्या तारा एकदम ढिल्या पडतात. पेडल फक्त दारूगोळा पुरवतात, नेम हाताचा. आणि त्या कोलाहलाच्या मधोमध तो अचानक थांबून 'टॅप्स'चे स्वर वाजवतो. अमेरिकी सैन्यात शहीद जवानाला निरोप देताना बिगुलावर वाजतात ते. आपल्याकडे लास्ट पोस्ट वाजतं तसं. पुन्हा मूळ चाल धरतो आणि गीत पूर्ण करतो. सोडून देत नाही.

मी हे पहिल्यांदा नव्वदच्या दशकात पाहिलं, एका छावणीच्या मेसमध्ये. एका तरुण कॅप्टनने कॅसेट लावली होती. मी ती बंद करायला लावली. म्हणालो, राष्ट्रगीत आहे, दुसऱ्या देशाचं असलं तरी. आपलं राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आणि त्या ५२ सेकंदांत आपण हलत नाही. याने त्याच्या चिंध्या केल्या. तो कॅप्टन काही बोलला नाही. हुकूम होता, काय बोलणार?

त्या काळी अमेरिकेतही पुष्कळांना हेच वाटलं. काही आठवड्यांनी टेलिव्हिजनवर मुलाखतकार डिक कॅव्हेटने विचारलं, तेव्हा हेंड्रिक्स शांतपणे म्हणाला की त्याला ते सुंदर वाटलं होतं.

गेल्या दिवाळीत भाचा परत गेल्यावर मी ते मुद्रण पुन्हा लावलं. या वेळी हेडफोनवर, डोळे मिटून, सुभेदारसाहेबांसारखं. आणि मला ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आली. ती कुठेही तुटत नाही. स्फोटांच्या खाली असते, बुडते, वर येते. टेकडीवरचा माणूस राष्ट्रगीत आठवेल, तर त्याला ते संचलनाच्या बँडसारखं स्वच्छ ऐकू येईल का? त्याला ते असंच ऐकू येईल, फुटणाऱ्या गोळ्यांच्या मधून.

पुढे १९७०च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये, पुन्हा बिली कॉक्सला सोबत घेऊन, हेंड्रिक्सने 'मशीन गन' वाजवलं. बारा मिनिटांहून मोठं. ते त्याने देशातल्या रस्त्यांवर आणि व्हिएतनामात लढणाऱ्या सैनिकांना अर्पण केलं. ढोल गोळीबार करतो आणि युनि-व्हाइबमधून गिटारचा आवाज वर येतो, बुडतो, पुन्हा येतो. ते मी एका बैठकीत पूर्ण ऐकू शकलो नाही. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे. १८ सप्टेंबर १९७० रोजी हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला. वय २७.

आपलं राष्ट्रगीत कुणी असं वाजवावं असं मला आजही वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तुम्ही मला जुन्या वळणाचा म्हणा. पण हेंड्रिक्सने अपमान केला, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. ज्याला फौजेने निकामी म्हणून घरी पाठवलं, त्याने आपल्या पलटणीचा संदेश पोचवला.

तो कॅप्टन आता निवृत्त झाला असेल. हा भाग तो कुठे पाहत असेल, तर त्याला सांगायचं आहे: ती कॅसेट मी बंद करायला नको होती.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.